मुंग्यांची बाटली हलवू नका

आमच्या वर्गात काळ्या कागदात गुंडाळलेली एक बाटली आहे. तिच्यात मुंगळ्यांची राणी, आठ लहान कामकरी मुंगळे आणि पांढरी अंडी-अळ्या आहेत. शाळेमागे वीट उचलली तेव्हा हे कुटुंब सापडले.

माझे मत असे आहे की पहिले आठ दिवस कागद कोणीच काढू नये. माझा मित्र म्हणतो, "बघायचंच नाही तर आणलं कशाला?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण गेल्या वर्षी मी घरी पुष्कळ मुंगळे आणले होते. त्यात राणीच नव्हती, मग नवीन कामकरी कोठून येणार? वर मी सारखे झाकण उघडायचो आणि साखरेचे पाणी भसाभस ओतायचो. बुरशी आली. पंधरा दिवसांत सगळे मेले. चूक माझीच होती.

मुंगळे जमिनीत काळोखात राहतात. उजेड पडला की त्यांना वाटते, घर फुटले. मग अंडी तोंडात धरून नुसते पळतात, अळ्यांना भरवायचे राहून जाते. राणी घाबरली तर स्वतःची अंडीसुद्धा खाते! गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मला खूप वाईट वाटले.

मुंग्यांना कान नसतात, पण पायांना हादरे कळतात. आपल्या नारपोलीत यंत्रमाग सुरू झाले की फळीवरची भांडीसुद्धा वाजतात. पहिल्या दिवशी बाटली मागाकडच्या भिंतीला होती, तेव्हा मुंगळे थांबतच नव्हते. आता ती दुसऱ्या कोपऱ्यात जुन्या सतरंजीच्या घडीवर ठेवली आहे. आजी म्हणाली, "अरं, घर बदललं तं मानसालाबी नीज येत नाय."

खायला साखरपाण्याचा एकच थेंब कापसावर आणि अळ्यांसाठी एक मेलेली माशी पुरे. बिस्किटे टाकू नका. (कोणी टाकले ते मला माहीत आहे.)

इंग्लंडात जॉन लबक नावाचे गृहस्थ काचांमध्ये मुंग्या पाळत. त्यांची एक राणी १८८८ साली मेली, तेव्हा ती जवळजवळ १५ वर्षांची होती. म्हणजे माझ्यापेक्षा मोठी! आपली राणी आठ दिवसही टिकू नये काय?

मुंग्यांना लाल उजेड नीट दिसत नाही. म्हणून पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेत काळा कागद काढून लाल जिलेटिनचा लावणार आहोत. पालकांनीही तेव्हाच यावे. रांगेने बघावे, बाटलीवर टिचकी मारू नये.

– इयत्ता ४ थी