घरसंसार : बाबागाडी घेताना



बाबागाडी ही साहेबाच्या घरची वस्तू, असे आपल्या वस्त्यांत कालपरवापर्यंत मानले जाई. आपल्या आयाबहिणींनी पोर कडेवर घेतले, पाठीशी बांधले, झोळीत टाकले आणि कामाला हात घातला. आता दिवस बदलले आहेत. तरुण आईबाप दोघेही कमावतात, मूल आजीजवळ असते, आणि बाजारात अडीच-तीन हजारांपासून बाबागाड्या मिळू लागल्या आहेत. म्हणून घरोघरी प्रश्न निघतो : घ्यावी का? घेतली तर कोणती? सून म्हणते घेऊ, सासू म्हणते कशाला, आणि बाप खिसा चाचपतो. या अंकात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

आधी थोडा इतिहास सांगतो. १७३३ साली इंग्लंडात विल्यम केंट नावाच्या कलावंताने ड्यूक ऑफ डेव्हनशायर या सरदाराच्या मुलांसाठी एक छोटी गाडी तयार केली. ती ओढायला बकरी किंवा लहान तट्टू जुंपत. म्हणजे सुरुवात सरदाराच्या अंगणातच झाली. पुढे १८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने एक पेटंट मिळवले. त्याच्या गाडीत बाळाची बैठक फिरवता येई, त्यामुळे बाळाचे तोंड आईकडेही करता येई आणि रस्त्याकडेही. ज्या समाजाला काही दशकांपूर्वीपर्यंत गुलामीत डांबले होते, त्या समाजातल्या माणसाची ही बुद्धी! नंतर १९६५ साली ओवेन मॅकलारेन या इंग्रज विमान अभियंत्याने हलक्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनवली. आज आपल्याला परवडते ती गाडी त्याच वळणाची आहे. तेव्हा ही वस्तू कोणा एकाची मिरास नाही. प्रश्न फक्त गरजेचा आणि ऐपतीचा आहे.

गरज कशी ओळखावी? वर्षाचे मूल साधारण नऊ किलोचे असते. एवढे ओझे कडेवर घेऊन गुडघे दुखणारी आजी दवाखान्यापर्यंत जाते, तेव्हा गाडी ही चैन राहत नाही. बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या आईचेही तेच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईच्या शरीराचा भार हा तिचा एकटीचा प्रश्न नाही, हा विचार आपल्याकडे तेव्हापासून आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. अनेक घरांत धाकट्याचे ओझे आठ-दहा वर्षांच्या थोरल्या मुलीच्या कडेवर असते. ती वाकडी होऊन चालते, आणि आईला कामावर जायचे असले की तिचीच शाळा बुडते. गाडी घेतल्याने ती कड मोकळी झाली तर पैसे सार्थकी लागले. पण गाडी आली म्हणून ती ढकलायला त्याच मुलीला घरी ठेवणार असाल, तर मग गाडी न आणलेली बरी. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश थोरल्या मुलीलाही लागू आहे. गाडी बापाने ढकलावी, काकाने ढकलावी, आजोबांनी ढकलावी. त्यात कमीपणा कसला?

आता गाडी कोणी घेऊ नये तेही सांगतो. घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, रोजचा प्रवास गर्दीच्या लोकलने आहे आणि गल्ली म्हणजे उघड्या गटारावर टाकलेल्या फरश्या, अशी स्थिती असेल तर गाडी दोन आठवड्यांत खाटेखाली जाते आणि पैसे वाया जातात. अशांनी मजबूत सुती कापडाने मूल छातीशी बांधून न्यावे. मात्र मुलाचे तोंड आपल्याला सतत दिसले पाहिजे, नाक कापडात दबता कामा नये आणि हनुवटी छातीला टेकलेली नसावी. एवढे पाहिले तर आपली जुनी रीत चांगलीच आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

ज्यांच्याकडे तळमजल्याचे घर आहे, इमारतीला लिफ्ट आहे, बरा रस्ता आहे किंवा जवळच मैदान आहे, त्यांनी जरूर विचार करावा.

पैशाचे आधी ठरवा. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, असे तथागतांनी सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. बाबागाडी पहिल्या भागातून यावी. चौथ्याला हात लावू नये. साडेतीन हजारांची गाडी म्हणजे रोज पाचशे मिळवणाऱ्याची सात दिवसांची मजुरी. एवढी मजुरी बाजूला टाकता येत नसेल तर दोन-तीन महिने थांबावे. हप्त्याने घेण्याआधी हप्त्यांची बेरीज करून रोखीच्या किमतीशी ताडून पाहा. ‘बिनव्याजी’ म्हणून सांगतात आणि वर वेगळी फी लावतात, असे पुष्कळदा घडते. शेजारणीने दहा हजारांची आणली म्हणून आपणही आणावी, हा हट्ट मुलाच्या काहीच उपयोगाचा नाही.

थांबण्यात नुकसानही नाही. छत्रीसारखी मिटणारी स्वस्त गाडी तान्ह्या बाळासाठी नसतेच. बाळाची मान धरली पाहिजे आणि ते आधाराशिवाय बसू लागले पाहिजे, म्हणजे साधारण सहा महिने जातात. त्याआधी गाडी हवीच असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारी घ्यावी. ती थोडी महाग आणि जड असते. आपल्याकडे काही वडीलधारी मंडळी म्हणतात, जन्माआधी गाडी आणू नये, रिकामी गाडी हलवू नये, अशुभ असते. घाई करू नये हे खरे, पण त्याचे कारण बाळाच्या पाठीच्या कण्यात आहे, शुभाशुभात नाही. तसेच दृष्ट लागू नये म्हणून गाडीला काळा दोरा, माळा, लिंबू-मिरची बांधू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यानंतर या गोष्टींना आपल्या घरात जागा नाही. शिवाय लोंबता दोरा बाळाच्या गळ्याला आवळू शकतो, हा धोका अगदी खरा आहे.

दुकानात गेल्यावर रंग आणि चित्रे शेवटी पाहा. कालाम सुत्ताने आपल्याला शिकवले आहे की केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः पारखावे. दुकानदाराच्या बोलण्यालाही तोच न्याय लावा आणि पुढील गोष्टी स्वतःच्या हाताने करून पाहा.

पहिली गोष्ट पट्टा. पाच टोकांचा पट्टा सर्वांत चांगला : दोन खांद्यांवरून, दोन कमरेला आणि एक दोन पायांमधून. नुसता कमरेचा पट्टा असेल तर चळवळे मूल उभे राहते आणि तोंडावर पडते. कडी लावून जोराने ओढून पाहा. ती मोठ्याला सहज उघडता आली पाहिजे, मुलाला नाही.

दुसरी गोष्ट ब्रेक. ब्रेक लावून गाडी ढकला. चाके फिरता कामा नयेत. उतारावरच्या वस्तीत राहणाऱ्यांनी हे दोनदा पाहावे. गाडी उभी केली की ब्रेक लावायचा, सपाट जागीसुद्धा, ही सवय घरातल्या सर्वांना लावा.

तिसरी गोष्ट मिटण्याची कळ. गाडी तीन वेळा स्वतः उघडा आणि मिटा. उघडल्यावर खटका पक्का बसला पाहिजे, नाहीतर मूल आत असताना गाडी मिटू शकते. सांध्यांवर बोट फिरवून पाहा. २००९ साली अमेरिकेत मॅकलारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या सांध्यांसाठी झाकणे द्यावी लागली, कारण गाडी उघडताना सांध्यात सापडून बारा मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. नामांकित कंपनीची ही गोष्ट, मग स्वस्त गाडीत किती जपायला हवे! गाडी उघडता-मिटताना मूल हातभर दूर ठेवा.

चौथी गोष्ट चाके. आपले रस्ते खड्ड्यांचे. फार लहान चाक गटाराच्या जाळीत अडकते. त्यातल्या त्यात मोठी चाके घ्यावीत. पुढची चाके वळणारी असावीत आणि खडबडीत जागी ती सरळ अडकवून ठेवण्याची सोय असावी.

पाचवी गोष्ट वजन आणि उंची. मिटलेली गाडी एका हाताने उचलून दुकानातच चार पावले चाला. जिना चढताना दुसऱ्या हातात मूल असणार आहे. छत्रीसारख्या गाड्या साधारण पाच ते सात किलोच्या असतात, आपल्याला तेवढे पुरे. मूठ आपल्या कमरेच्या वर यावी, वाकून ढकलावे लागले तर कंबर जाते. गाडी किती वजनाचे मूल पेलते तेही पेटीवर वाचा. बऱ्याच गाड्यांना पंधरा किलोची मर्यादा असते. पेटीवर ‘ईएन १८८८’ असे लिहिलेले असेल तर तो युरोपातील बाबागाड्यांच्या सुरक्षेच्या मानकाचा क्रमांक आहे, हे लक्षात असू द्या. पक्के बिल मागून घ्या आणि चाक मोडल्यास सुटे मिळेल का, हे विचारून ठेवा.

जुनी गाडी घेण्यात काही वावगे नाही. चांगली जुनी गाडी वाईट नव्या गाडीपेक्षा बरी. मात्र नळीला चीर, ढिला खटका, विरलेला पट्टा किंवा लागत नसलेला ब्रेक दिसला तर फुकटही घेऊ नका. पट्ट्याच्या जागी नाडी किंवा सेफ्टी पिन लावून भागवू नये. कापड काढून साबणाने धुवावे व कडक उन्हात वाळवावे. एक मात्र सांगतो : मुलाला नवी आणि मुलीला कोणाची तरी उतरलेली, असा भेद करू नका. जुनी घ्यायची तर दोघांनाही जुनी चालते.

गाडी आल्यावर काय करावे? भाजीच्या पिशव्या मुठीला अडकवू नका, मूल उतरले की गाडी मागे उलटते. ऊन लागते म्हणून गाडीवर साडी किंवा चादर झाकू नका, आत हवा कोंडते आणि उष्मा वाढतो. छत पुढे ओढा आणि सावलीने चाला. सरकत्या जिन्यावर गाडी नेऊ नका. मेट्रोच्या स्थानकात लिफ्ट असते, ती वापरा. मूल गाडीत झोपले तर घरी आल्यावर उचलून सपाट अंथरुणावर उताणे निजवा. नेहमीच्या झोपेसाठी ही गाडी नाही. तासन्‌तास बांधूनही ठेवू नका. मुलाने रांगावे, पडावे, उठावे, त्यातूनच पाय भरतात.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा एक जानेवारीला भीमा-कोरेगावला जाताना गाडी घरी ठेवा. त्या जनसागरात खाली असलेले मूल मागच्या माणसाला दिसत नाही. मूल छातीशी घ्या आणि त्याच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

वाचलेल्या पैशांतून चाकांचा वॉकर आणण्याचा मोह काहींना होतो. तो आणू नका. वॉकरने मूल लवकर चालत नाही, पण जिन्यावरून मात्र घरंगळते. कॅनडाने २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. उघड्या गॅलरीच्या चाळीत तर तो नकोच.

शेवटी महिला मंडळांना एक सूचना. गाडीचा खरा उपयोग दीड-दोन वर्षांचाच असतो. मग ती माळ्यावर धूळ खाते. आठ-दहा घरांनी वर्गणी काढून एक-दोन चांगल्या गाड्या घेतल्या आणि विहारात ठेवल्या तर लसीकरणाच्या दिवशी, दवाखान्यासाठी, आजारी आईसाठी त्या वस्तीतल्या सर्वांना मिळतील. एक वही ठेवावी, नेणाऱ्याने नाव लिहावे, परत आणताना पुसून आणावी आणि महिन्यातून एकदा कोणीतरी ब्रेक व पट्टे तपासावेत. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे हा विषय घ्यावा. एकेका घराला जे जड जाते ते दहा घरांना हलके होते, हे आपल्या चळवळीने आपल्याला शिकवलेच आहे.

गाडीत बसवलेल्या मुलाशी चालता चालता बोलत राहा, एवढेच आमचे शेवटचे सांगणे. झाड दाखवा, पाटी वाचून दाखवा, विहार आले की हात जोडायला शिकवा. गाडी कितीही स्वस्त असली तरी हे बोलणे मुलाला पुढे जन्मभर पुरते.

जयभीम!