रस्ता, जकात आणि कुलूप : आफ्रिकेतील आंतरजाल-धोरणाविषयी

आफ्रिकेतील आंतरजालाविषयी मराठीच्या प्राध्यापकांनी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय अभियंत्यांचा, फार तर अर्थशास्त्रज्ञांचा, असे आपल्याकडे गृहीत धरलेले असते. आम्हांला ते मान्य नाही. कोणाचे लेखन कोणापर्यंत पोचते, पोचायला किती खर्च येतो आणि ते वाटेत कोण अडवू शकते, हे ज्या धोरणाने ठरते ते धोरण साहित्यव्यवहाराच्या मुळाशी असते. टपालाचे दर आणि मुद्रणस्वातंत्र्य हे जुन्या नियतकालिकांच्या जगण्यामरण्याचे प्रश्न होते. आज त्यांची जागा आंतरजालाच्या धोरणाने घेतली आहे.

साहित्यातलाच दाखला घेऊ. केनियाचे लेखक बिन्यावांगा वाइनाइना यांना २००२ मध्ये आफ्रिकी कथालेखनासाठीचे केन पारितोषिक मिळाले. ज्या लेखनासाठी ते मिळाले, ते 'डिस्कव्हरिंग होम' प्रथम प्रसिद्ध झाले होते आंतरजालावरील एका नियतकालिकात. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने नैरोबीत 'क्वानी?' हे नियतकालिक निघाले आणि केनियातील एका पिढीला व्यासपीठ मिळाले. २०१६ मध्ये 'जलाडा' या लेखकगटाने न्गुगी वा थिओंगो यांची मूळ गिकुयू भाषेतील एक कथा तीसहून अधिक भाषांत अनुवादित करून आंतरजालावर आणली. हे अनुवाद बव्हंशी आफ्रिकी भाषांतले होते. भाषाभाषांमधला असा थेट व्यवहार लंडन-पॅरिसच्या प्रकाशकांवर विसंबून क्वचितच झाला असता.

परंतु या साहित्याचे वाचक किती? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आफ्रिकेतील सुमारे ३८ टक्के लोक आंतरजाल वापरत होते; जगाची सरासरी ६८ टक्के होती. याचे खापर सहसा दारिद्र्यावर, वाळवंटांवर आणि अंतरांवर फोडले जाते. ही कारणे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. आमचे म्हणणे असे की या अभावाचा मोठा भाग माणसांनी, कायद्याने आणि परवान्यांनी घडवलेला आहे. म्हणूनच तो मोडताही येतो.

केनियाचीच गोष्ट पाहावी. २००० सालापर्यंत नैरोबीतल्या एका कचेरीतून शेजारच्या कचेरीला पाठवलेले पत्रही, दोघांच्या सेवादात्या कंपन्या वेगळ्या असल्या, तर उपग्रहामार्गे परदेशी जाऊन परत येई. कंपन्यांना आपसांत जोडणारे केंद्र देशात नव्हते. नोव्हेंबर २००० मध्ये या कंपन्यांनी एकत्र येऊन ते उभारले. तेव्हा परदेशी दळणवळणाची मक्तेदारी असलेल्या टेलकॉम केनियाने हरकत घेतली आणि थोड्याच दिवसांत नियामक आयोगाने केंद्र बंद करवले. ते पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी २००२ उजाडला. यंत्रे तीच होती, तारा त्याच होत्या. अडथळा फक्त एका कागदाचा होता.

समुद्राखालच्या तारांचा इतिहासही असाच बोलका आहे. पश्चिम किनाऱ्याने सेनेगलपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाणारी 'सॅट-३' ही तार २००२ मध्ये सुरू झाली. पण बहुतेक देशांत तिचे दार एकेका राष्ट्रीय कंपनीच्या ताब्यात राहिले, आणि त्यामुळे तार येऊनही दर चढेच राहिले. पूर्व किनाऱ्यावर तर २००९ पर्यंत अशी तारच नव्हती. सगळी भिस्त महागड्या उपग्रहांवर होती. त्या वर्षी खाजगी भांडवलाची 'सीकॉम' आणि केनिया सरकारच्या पुढाकाराची 'टीम्स' अशा दोन तारा आल्या. सीकॉमने मोंबासा, दार-एस-सलाम आणि मापुतो ही बंदरे मुंबईशी जोडली. एकाच दारावर विसंबण्याची वेळ टळली, स्पर्धा निर्माण झाली आणि घाऊक दर उतरू लागले. पश्चिम किनाऱ्याला तार मिळाली पण मोकळे दार मिळाले नाही. पूर्वेला उशिरा का होईना, दोन्ही मिळाले. या फरकाचे नाव धोरण.

रस्ता झाला की जकातनाका उभा राहतो. युगांडाने १ जुलै २०१८ पासून व्हॉट्सॅप, फेसबुक, ट्विटर वापरणाऱ्यांवर रोज २०० शिलिंगांचा कर बसवला. चहाडीला आळा घालावा, असा तिथल्या राज्यकर्त्यांचा एक युक्तिवाद होता. व्यवहारात हा कर गरिबाच्या संवादावर पडला, आणि नंतरच्या महिन्यांत आंतरजालाचे ग्राहक घटल्याचे तिथल्या नियामकाच्याच आकड्यांतून दिसले. २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. पण त्याच्या जागी डेटावर १२ टक्के कर आला. नाका हलला, हटला नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. जिथे पाणी, औषध आणि शाळा यांची वानवा आहे, तिथे आंतरजालाची चर्चा ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय? याला केनियातील 'एम-पेसा' हे आमचे उत्तर आहे. मार्च २००७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेमुळे बँकेत खाते नसलेला माणूस साध्या मोबाइलवरून गावी पैसे पाठवू लागला. बँकेचा परवाना नसलेल्या कंपनीने पैशाची ने-आण करू नये, असे म्हणून तिथली मध्यवर्ती बँक तो प्रयोग सहज थांबवू शकली असती. तिने तपासणी केली आणि ना-हरकत दिली. दळणवळण ही पोट भरल्यानंतरची गोष्ट नसते. पोट भरण्याच्या साधनांतच तिची गणना करावी लागते.

तथापि आमच्या मते सर्वांत गंभीर प्रश्न कुलपाचा आहे. कॅमेरूनच्या इंग्रजीभाषक प्रांतांत २०१६ च्या अखेरीस वकील आणि शिक्षक आंदोलनात उतरले. न्यायालयांत आणि वर्गांत फ्रेंच लादली जात असल्याची त्यांची तक्रार होती. सरकारने जानेवारी २०१७ मध्ये त्या दोन प्रांतांचे आंतरजाल तोडले आणि ते ९३ दिवस तुटलेले राहिले. ब्वेया शहरातील तरुण संगणक-व्यावसायिकांना कामासाठी प्रांताची सीमा ओलांडून शेजारच्या गावात ठाण मांडावे लागले. भाषेसाठी शिक्षक उभे राहतात आणि उत्तरादाखल सगळ्यांचीच वाचा बंद केली जाते, हे वाचून भाषेच्या शिक्षकाने स्वस्थ बसावे काय?

याविरुद्धचा प्रतिकारही आफ्रिकेतूनच झाला आहे, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. टोगोने सप्टेंबर २०१७ मध्ये निदर्शनांच्या काळात आंतरजाल बंद केले, तेव्हा तिथल्या संघटना पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयात गेल्या. जून २०२० मध्ये न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवून भरपाईचा आदेश दिला. भारतीयांनी याकडे उंचावरून पाहण्याचे कारण नाही. २०१९ च्या ऑगस्टपासून जम्मू-काश्मीरमधील आंतरजाल दीर्घकाळ बंद होते, आणि अनिश्चित काळाची बंदी कायद्यात बसत नाही हे जानेवारी २०२० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

उरतो भाषेचा प्रश्न. गिनीतील इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी या भावांनी शाळकरी वयात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आपल्या फुला भाषेसाठी 'अदलम' ही लिपी घडवली. हाताने लिहिलेल्या आणि छायाप्रती काढलेल्या पुस्तकांतून ती पसरली. युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली ती २०१६ मध्ये. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मराठी लेख दुसऱ्याच्या संगणकावर चौकोनांच्या रांगा होऊन उमटत असे, तो काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रतीक्षेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तेव्हा आफ्रिकेतील कार्यकर्ते, वकील आणि लेखक ज्या धोरणाचा आग्रह धरत आहेत, त्याला आमचा निःसंदिग्ध पाठिंबा आहे. किनाऱ्यावर आलेल्या तारेचे दार सर्वांना समान दराने उघडे असावे. प्राथमिक सेवेचा मासिक खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा, हे संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०२५ साठी ठेवलेले लक्ष्य अनेक आफ्रिकी देशांना गाठता आले नाही. ते सोडून न देता संवादावरचे कर त्याच कसोटीवर तपासावेत. कायद्याचा आधार आणि न्यायालयाची तपासणी यांवाचून कोणाचेही आंतरजाल तोडता येऊ नये. आणि शासनाने आपली माहिती इंग्रजी-फ्रेंचइतकीच हौसा, योरुबा, स्वाहिली, अम्हारिक या भाषांतूनही द्यावी.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही उत्तर-वसाहतवाद शिकवतो. न्गुगींचे भाषाविचार परीक्षेला लावतो. पण त्यांची मूळ गिकुयू कथा गिकुयू वाचकाच्या हाती कोणत्या वाटेने पडते आणि ती वाट कोणाच्या मालकीची आहे, हे विचारले नाही तर ते शिकवणे अर्धवट राहील. दूरसंचाराचे कायदे आणि नियामकांचे निवाडे हेही आपल्या काळातील वाङ्मयाच्या इतिहासाचे दस्तऐवज आहेत. ते अभ्यासक्रमात यायला हवेत.