बन्नीची फिर्याद

जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून माणसे न्यायालयाची पायरी चढतात, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. ती कोणाच्याच खाजगी मालकीची होऊ नये म्हणून फिर्याद झाल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते. २०१८ साली कच्छमधील बन्नीच्या मालधाऱ्यांनी असे केले. सुमारे २,५०० चौरस किलोमीटरांच्या सामाईक कुरणात शेतीसाठी कुंपणे पडू लागली, तेव्हा ह्या पशुपालकांची संघटना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. आणि २०२१ साली ही अतिक्रमणे सहा महिन्यांत हटविण्याचा आदेश झाला.

मालधाऱ्यांचा हा आग्रह निव्वळ भावनेचा नव्हे. बन्नीची म्हैस रात्रीच्या गारव्यात राखणदारावाचून चरावयास जाते व सकाळी आपण होऊन परतते. २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्य झालेले हे जनावर मोकळ्या रानात चरण्यास सरावलेले आहे. आणि तेच रान चिंकारा, लांडगा व हिवाळ्यात येणारे क्रौंच ह्यांचाही आसरा आहे. कुरणाचे तुकडे पडले, तर दोघांचीही वाट बंद होते.

सरकारने १९५५ साली बन्नीला संरक्षित वन ठरविले. पुढे रणातील खाराचे आक्रमण थोपविण्यासाठी वनखात्याने १९६१ पासून परदेशी वेडी बाभूळ लावली. हेतू वाईट नव्हता. परंतु जेथे झाड नाही ती जमीन उजाड, ही समजूतच खोटी होती. जनावरांनी शेंगा खाल्ल्या, शेणावाटे बी सर्वत्र पसरले आणि बाभळीने गवत गिळले. मालधारीही मोहापासून मुक्त नाहीत. कोळशाच्या भट्ट्यांनी व नांगराने त्यांच्यातील काहींना भुरळ घातलीच. तथापि तो मोह आवरण्याची मागणी त्यांच्यातूनच पुढे आली, हे आम्हांस मोलाचे वाटते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा आणि सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. वन्य प्राण्यांचे रक्षण करण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला आहे. बाभूळ कोठे काढावी, कोणते कुरण केव्हा राखावे, हे ठरविण्याची सत्ता तिच्या हाती नसेल, तर हा कायदा केवळ कागदच राहील. बन्नीत चित्त्यांचे प्रजनन केंद्र योजिले गेले आहे. चित्त्याला आमचा विरोध नाही. मात्र त्याच्यासाठी कुंपण घालताना गवत राखणाऱ्यांचा सल्ला आधी घ्यावा, नंतर नव्हे.

हा प्रश्न केवळ कच्छचा नाही. पुणे-सोलापूरच्या माळांवर धनगरांची मेंढरे आणि लांडगे शेजारीच वावरतात. आपण शहरवासी मात्र त्या माळांस 'पडीक' म्हणून मोकळे होतो. ज्याचे पोट गवतावर चालते, त्याच्याइतका गवताचा जागरूक पहारेकरी दुसरा मिळणे कठीण. त्याच्यावर पहारा बसविण्यापेक्षा पहाऱ्याचा अधिकारच त्याला देणे अधिक शहाणपणाचे होईल.