दोष मराठीचा नाही



‘मराठीमुळेच मुलांचे इंग्रजी प्रेपोझिशन चुकते’ हे एका वाचकाचे मत मला मान्य नाही. माझ्या वर्गात ‘रीच्ड टू द फोर्ट’ असे लिहिले जाते, हे खरे. ‘किल्ल्याला’मधला ‘ला’ तिथे उतरतो. पण हंगामात दौलताबाद किल्ल्यासमोर आईच्या सीताफळांच्या पाटीशेजारी बसलेली माझी एक विद्यार्थिनी गिऱ्हाइकाला ‘अम्मी से पूछो’ म्हणते आणि वळून मैत्रिणीला ‘आईला विचार’ म्हणते. ‘से’ आणि ‘ला’ यांची गल्लत ती कधीच करत नाही, कारण क्रियापद आणि प्रत्यय तिने जोडीनेच ऐकले आहेत. इंग्रजीत मात्र आपण ‘डिपेंड म्हणजे अवलंबून असणे’ एवढेच घोकून घेतो. ‘ऑन’ राहूनच जातो.

काही ठिकाणी कारणही सांगता येते. ‘सीनियर’, ‘सुपिरियर’ हे लॅटिनमधून तुलनेचा अर्थ घेऊनच आलेले शब्द. म्हणून त्यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे, ‘टू’. हे मुलांना लगेच कळते. ‘मॅरीड टू’ला असे सोपे कारण नाही, तिथे कानालाच सवय हवी. म्हणून माझ्या मुलांच्या वहीत आता सुटा शब्द नसतो, ‘अफ्रेड ऑफ’ एकत्रच लिहिलेले असते आणि समोर ‘वाघाला भितो’.

– एक शिक्षिका, दौलताबाद