परभूमीवरील मन

दूरदेशीं गेलेल्या मुलांचीं पत्रें आतां टपालानें येत नाहींत. तीं हातांतल्या यंत्रावर क्षणांत येतात, आणि पाठोपाठ चेहराही दिसतो. 'कसा आहेस?' 'मजेत.' एवढ्यावर आईबापांचें समाधान होतें. ज्या घरांतील एकही माणूस परदेशीं गेलें नाहीं, असें सुशिक्षित मराठी घर आज विरळाच. मुलाचा पगार, त्याचें बिऱ्हाड, तेथील थंडी, या सर्वांची चौकशी होते. परंतु त्याच्या मनाची चौकशी करण्याची आपल्यांत चाल नाहीं. या महिन्यांत आम्ही त्याच विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, आणि आरंभ लंडन-न्यूयॉर्कपासून न करितां अजिंठ्यापासून करितों. कारण मनाच्या विकलतेची एक विलक्षण हकीकत या लेण्यांशीं निगडित आहे.

ख्रिस्तिआना हेरिंगहॅम या इंग्रज बाई स्वतः निष्णात चित्रकर्त्री होत्या. रंगविद्येवरील चेन्नीनी याच्या जुन्या इटालियन ग्रंथाचें त्यांनीं १८९९ मध्यें इंग्रजी भाषांतर केलें, आणि उत्तमोत्तम चित्रें इंग्लंडाबाहेर जाऊं नयेत म्हणून १९०३ मध्यें तेथें जो राष्ट्रीय कलानिधि स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत त्या होत्या. अजिंठ्याच्या चित्रांच्या पूर्वीं काढलेल्या प्रतिकृतींचा मोठा भाग लंडनमध्यें १८६६ व १८८५ सालच्या आगींत भस्म झाला होता, आणि मूळ चित्रें तर दिवसेंदिवस झिजत होतीं. म्हणून १९०९ ते १९११ या काळांत दोन हिवाळे बाईंनीं या लेण्यांत काढले. हा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा हे कलकत्त्याहून आलेले तरुण चित्रकार आणि हैदराबादचे सय्यद अहमद त्यांच्या जोडीला होते. अंधाऱ्या लेण्यांत, फिकट झालेल्या रेषा शोधीत, या मंडळींनीं एकेक भिंत कागदावर उतरविली.

१९११ मध्यें बाई स्वदेशीं परतल्या, आणि त्याच सुमारास त्यांचें मन ढासळलें. कोणी आपल्या पाठीवर आहे, कोणी आपला छळ करीत आहे, असा भ्रम त्यांस जडला. यजमान लंडनचे नामांकित डॉक्टर; तथापि त्यांचाही उपाय चालला नाहीं, आणि बाईंस मनोरुग्णालयांत ठेवावें लागलें. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा ग्रंथ १९१५ मध्यें लंडनच्या इंडिया सोसायटीनें प्रसिद्ध केला, तेव्हांही त्या आजारीच होत्या. आणि १९२९ मध्यें त्यांचें निधन झालें, तोंपर्यंत त्या सावरल्या नाहींत.

अशी हकीकत ऐकली कीं लेण्यांच्या शापाची गोष्ट रचण्याचा मोह होतो. दुसरा कोणी म्हणेल, बाईंस परदेशचें पाणी बाधलें. हीं दोन्ही उत्तरें सोयीचीं आहेत, कारण तीं दिलीं कीं पुढें विचार करावा लागत नाहीं. एका व्यक्तीच्या आजाराचें कारण शंभर वर्षांनंतर सांगण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. बाई कांहीं अजिंठ्यास कायमच्या राहावयास आल्या नव्हत्या. परंतु त्यांच्या निमित्तानें जो प्रश्न उभा राहतो, तो खरा आहे: आपली भाषा, आपलीं माणसें व आपलें आकाश सोडून गेलेल्या मनाचें काय होतें? या एका प्रश्नाला वाहून घेतलेली एक विद्याशाखाच आतां उभी राहिली आहे, आणि तींत आयुष्य घालविणारे पंडितही झाले आहेत.

या विद्येंतील एक जुना व प्रसिद्ध अभ्यास नॉर्वेचे मनोविकारतज्ज्ञ ओडेगार्ड यांनीं १९३२ मध्यें प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत जाऊन वसलेले नॉर्वेजियन आणि मायदेशींच राहिलेले नॉर्वेजियन यांची त्यांनीं रुग्णालयांच्या नोंदींवरून तुलना केली. छिन्नमनस्कता, म्हणजे ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात, तिचें प्रमाण देशांतर केलेल्यांत सुमारें दुप्पट आढळलें. यावरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, ज्यांची वृत्ति मुळांतच अस्थिर, तेच घरदार सोडण्यास अधिक प्रवृत्त होतात. म्हणजे दोष प्रवासाचा नव्हे, प्रवाशाचा!

हें मत पुष्कळ वर्षें टिकलें. परंतु कँटर-ग्राए व सेल्टेन या दोघां संशोधकांनीं २००५ मध्यें निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. परदेशीं गेलेल्या पहिल्या पिढींत या विकाराची जोखीम सुमारें २.७ पट होती. आणि तेथेंच जन्मलेल्या त्यांच्या मुलांत ४.५ पट. आतां हीं मुलें तर कोठेंच गेलीं नव्हतीं! त्यांनीं कोणतेंही घर सोडलें नव्हतें. मग कारण केवळ जाणाऱ्याच्या वृत्तींत कसें असेल? तें पुष्कळसें यजमान समाज त्यांस कसें वागवितो यांत शोधावें लागतें. ज्या वस्तींत आपल्यासारखीं माणसें पुष्कळ आहेत तेथें हा विकार कमी आढळतो, आणि जेथें एखादेंच कुटुंब एकाकी पडलेलें असतें तेथें अधिक, असेंही लंडनमधील अभ्यासांत दिसून आलें आहे. हा आजार मुळांत शंभरांत एखाद्यासही होत नाहीं. तेव्हां वरील आंकडे वाचून कोणीं भयभीत होण्याचें कारण नाहीं. भिण्यापेक्षां समजून घेणें बरें.

समजून घेणाऱ्यांपैकीं दोघांचा आपल्या पुण्याशीं संबंध आहे, ही आनंदाची गोष्ट होय. डॉ. दिनेश भुगरा यांचें वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत झालें. पुढें लंडनला किंग्ज कॉलेजांत मानसिक आरोग्य व सांस्कृतिक विविधता या विषयाचे ते प्राध्यापक झाले. २००८ ते २०११ या काळांत ते ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे, आणि २०१४ ते २०१७ या काळांत जागतिक मनोविकार संघटनेचे अध्यक्ष होते. लंडनमधील दक्षिण आशियाई स्त्रिया स्वतःस इजा कां करून घेतात, याचा त्यांनीं अभ्यास केला. देश सुटणें हा एक प्रकारचा वियोगच आहे, हा विचार त्यांनीं आपल्या लेखनांतून पुढें नेला. माणूस गेलें तर आपण सुतक पाळतों, चार माणसें भेटावयास येतात. परंतु भाषा, सणवार व ओळखीचे रस्ते एकदम अंतरले तर त्याचा शोक करावयास कोणी सवड देत नाहीं. मग तो शोक आंतल्याआंत मुरतो.

दुसरे प्राध्यापक सुनील भाटिया. हे पुण्यांत वाढले, अमेरिकेंतील क्लार्क विद्यापीठांत डॉक्टर झाले, आणि कनेक्टिकट कॉलेजांत अध्यापक झाले. हेंच तें क्लार्क, जेथें फ्रॉइड यांनीं १९०९ मध्यें आपलीं सुप्रसिद्ध व्याख्यानें दिलीं. परकी माणसें नव्या समाजांत ठराविक मार्गांनीं रुळतात, असें मानसशास्त्रांत मानण्याचा प्रघात होता. भाटिया म्हणतात, रुळणें हें एकदां होऊन संपणारें काम नव्हे. ती आयुष्यभर चालणारी वाटाघाट आहे. 'अमेरिकन कर्मा' या २००७ सालच्या ग्रंथांत त्यांनीं अमेरिकेंतील सुस्थित, पदवीधर भारतीयांच्या मुलाखती घेतल्या. हुद्दा, मोटार, घर सर्व कांहीं असूनही परकेपणाचे कांटे त्यांस टोंचत होते. परंतु 'आम्ही इतरांसारखेच' असें म्हणून ते ते कांटे झांकीत होते. ही मंडळी म्हणजे तुमच्याआमच्याच घरचीं मुलें. 'मजेत' या शब्दाआड काय काय दडूं शकतें, हें या ग्रंथावरून कळतें.

येथें भाषेचा प्रश्न येतो. मुंबईस शिकलेले डॉ. विक्रम पटेल हे आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशांत संशोधनास गेले, तेव्हां तेथील लोक 'उदासीनता' असा शब्द वापरीतच नव्हते. ते 'कुफुंगिसिसा', म्हणजे 'फार विचार होतो', असें सांगत. दुःख तेंच, पण त्याचें नांव निराळें. हा धडा पाठीशीं घेऊन पटेल यांनीं १९९६ मध्यें सहकाऱ्यांसह गोव्यांत 'संगाथ' ही संस्था काढली, आणि गांवच्याच साध्या माणसांस शिकवून, लोकांच्याच बोलींत धीर व उपचार देतां येतो हें दाखविलें. आपली मराठी पाहा. 'कशांत जीव लागत नाहीं', 'पोटांत गोळा येतो', 'जिवाला हुरहूर लागली आहे', हीं वाक्यें परदेशी डॉक्टरास अक्षरशः सांगितलीं तर तो पोटाची तपासणी करील! म्हणूनच आईनें मुलाशीं त्याच्या भाषेंत बोलणें ही केवळ माया नव्हे. जें दुःख इंग्रजींत सांगतां येत नाहीं, त्यास ती वाट करून देते. झोंप लागते का, तुझ्याशीं मराठींत बोलणारें तेथें कोण आहे, शेवटचा पोट धरून केव्हां हंसलास, असे प्रश्न पगाराच्या आधीं विचारावेत. उत्तर ऐकून शंका आली तर 'मन घट्ट कर' असा उपदेश न करितां, तज्ज्ञाकडे जाण्यास त्यास उघडपणें सांगावें.

परंतु विषयाची दुसरी बाजू आम्हांस अधिक टोंचते. परक्याचें मन यजमानाच्या वागणुकीनें तरतें किंवा बुडतें, असें जर शास्त्र सांगतें, तर आपणही कोणाचे तरी यजमान आहोंत. मराठवाड्यांतून दर हंगामांत लाखों माणसें ऊसतोडणीस परमुलखांत जातात. आपल्या इमारती बिहारचे मजूर बांधतात. ईशान्येकडची एखादी मुलगी पुण्यास शिकावयास येते, आणि रस्त्यावरचें पोर तिला 'चिनी' म्हणून हाक मारतें. खोली भाड्यानें देतांना आडनांव व आहार विचारणारेही आपणच. आपल्या मुलास अमेरिकेंत कोणीं असें वागविलें तर आपलें काळीज तुटेल. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोपी-मोजे घातलेलीं परदेशी माणसें रंगविलेलीं आहेत. पंधराशें वर्षांपूर्वींच्या त्या चित्रकारानें परक्याचा पोशाख व ठेवण डोळे भरून पाहिल्याशिवाय तीं काढलीं नसतील. शेजारीं येऊन राहिलेल्या माणसाकडे तितक्या लक्षपूर्वक पाहणें आपणांसही कठीण जाऊं नये.

शेवटीं पालकांस एक विनंति. घरांतील मुलानें वा मुलीनें मानसशास्त्राची वाट धरूं म्हटल्यास 'वेड्यांची डॉक्टरी कशाला?' असें म्हणून तिला मोडतां घालूं नये. ही वाट लांबची आहे. तींत वैद्यक वा मानसशास्त्राबरोबर समाजशास्त्र हवें, आंकडेशास्त्र हवें, आणि सर्वांत अधिक, दुसऱ्याची भाषा शिकण्याची चिकाटी हवी. पैसा इतर धंद्यांइतका लवकर मिळत नाहीं, हेंही आम्ही लपवीत नाहीं. परंतु ज्या समाजाचीं मुलें जगभर पांगलीं आहेत, त्या समाजांत मराठींत दुःख ऐकून घेणारीं शिकलेलीं माणसें निपजलीं नाहींत, तर तें ऐकणार कोण?