दशमुळांचे देणे

आपल्या व्यवसायाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर आपण वैद्य मंडळी तत्काळ 'आर्तांची सेवा' असे उत्तर देतो. उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. रुग्णाच्या हाती दिलेली पुडी ज्या भूमीतून आली त्या भूमीचे, आणि ते द्रव्य ज्याने डोक्यावर वाहून आणले त्या मनुष्याचे आपण काही देणे लागतो की नाही, हा विचार त्यात येतच नाही. खानदेशात व्यवसाय करणाऱ्या आम्हांस तो टाळता येत नाही. यावल-चोपड्याच्या उत्तरेस सातपुडा, साक्रीच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा. औषधी आणि ती गोळा करणारा आदिवासी बांधव आपल्या चिकित्सालयापासून एस.टी.च्या दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे.

बृहत् पंचमूळच घ्या. बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण. ऐरण फार तर मोठे झुडूप म्हणा, बाकीचे वृक्ष आहेत. कंटकारी-गोक्षुर एका पावसाळ्यात पुन्हा उगवतात. टेटूचे मूळ खणले की टेटू संपला. दशमुळारिष्टाची मागणी मात्र वर्षागणिक वाढतीच. मग बाजारात मुळाच्या नावाखाली खोडाची साल आणि फांद्यांचे तुकडे येतात. भरड झाल्यावर ओळखणार कोण? सीतेच्या अशोकाऐवजी बंगल्यांच्या कुंपणालगतच्या आसुपालवाची साल विकली जाते, ही तर आपल्या व्यवसायातील जुनीच गोष्ट आहे. भेसळीविरुद्ध आपण परिसंवाद भरवतो. परंतु वन ओसरल्याचेच ते एक लक्षण आहे, हे तेथे क्वचितच बोलले जाते. लक्षणाची चिकित्सा करून हेतू तसाच ठेवणे आपल्या शास्त्रास मान्य नाही.

चरकाच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी परीक्षेपुरता तरी वाचलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी रोगग्रस्त होतात. भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वी औषधी काढून ठेवा, असे आत्रेय तेथे अग्निवेशास सांगतात. काही व्यापारीवृत्तीची मंडळी यात साठेबाजीस आधार शोधतील! त्यांनी अध्याय पुढे वाचावा. या बिघाडाचे मूळ अधर्मात, आणि अधर्माचे प्रज्ञापराधात सांगितले आहे. प्रमुखांनी आरंभलेला अधर्म त्यांचे आश्रित, नगरजन आणि व्यवहारावर उपजीविका करणारे लोक वाढवितात, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. व्यवहारावर उपजीविका करणारे म्हणजे कोण, हे फार्मसीचालक बंधूंना वेगळे सांगावयास नको.

याच्या उलट काय घडू शकते, ते पाहण्यास दूर जावे लागत नाही. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे लहानसे आदिवासी गाव. 1990 च्या सुमारास भोवतालचे जंगल उजाड झालेले, पाण्याची वणवण. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न जाता गावात राहिले. गावकऱ्यांनी एकत्र बसून कुऱ्हाडबंदी केली, झाड तोडणाऱ्यास दंड ठरविला, पाळीने राखण केली, पाणी अडविले. आज चारशेहून अधिक हेक्टर वन त्या गावाने राखले आहे. 2025 साली पवार यांना पद्मश्री मिळाली. 2004 पासून तेथे वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. गावोगावच्या स्त्रिया रानभाज्या शिजवून आणतात आणि कोणती भाजी केव्हा, कशी खावी ते सांगतात. शाकवर्ग पाठ केलेल्या आपल्या पदवीधरांनी एकदा तेथे जाऊन निमूटपणे ऐकावे, असे आम्हांस वाटते.

त्या गावाकडे अधिकारी नव्हते, अनुदान नव्हते. एक नियम होता आणि तो सर्वांनी पाळला. आपल्याकडे तर संघटना आहे, खरेदीची शक्ती आहे.

येथे कायद्याचा एक मुद्दा. जैवविविधता कायदा 2002 चा. देशी उत्पादकांनाही लाभातील वाटा द्यावा लागेल, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 साली दिला. पुढे 2023 च्या दुरुस्तीने उपजीविकेसाठी व्यवसाय करणारे नोंदणीकृत वैद्य, लागवडीची औषधी आणि ग्रंथोक्त ज्ञान यांना सूट मिळाली. छोट्या वैद्यास कागदपत्रांच्या जाचातून सोडविले, हे योग्यच झाले. परंतु सूट कायद्याने दिली आहे. वनाने दिलेली नाही.

'स्वस्त द्यावे तरच माल खपतो' हा फार्मसीचालकांचा आक्षेप आम्ही खोटा मानत नाही. एकट्याने दर वाढविला तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल. म्हणूनच हे संघटनेने करावयाचे काम आहे. काष्ठौषधींच्या खरेदी-पावतीवर द्रव्याचे अंग, संग्रहाचा ऋतू आणि तालुका लिहिलेला असावा. नसेल तर सभासदांनी तो माल घेऊ नये. हिरडा, बेहडा, आवळा, बेलफळ ही झाड न मारता मिळणारी द्रव्ये, 2006 च्या वनाधिकार कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांकडून थेट व एकत्रित विकत घ्यावीत. पंचमुळांसाठी बांधावर शिवण आणि टेटू लावणाऱ्या शेतकऱ्यास आगाऊ खरेदीची हमी द्यावी. झाड मोठे होईपर्यंत त्याने कोणाच्या भरवशावर थांबावे?

या तीन बाबींचा ठराव आम्ही लेखी स्वरूपात कार्यकारिणीकडे दिला आहे. धुळे व जळगाव येथील सभासदांनी आपल्याकडे वर्षाकाठी कोणते द्रव्य किती किलो लागते, तेवढे सर्वसाधारण सभेपूर्वी कळवावे.