अँटेना की छत्री? फुकट टीव्हीसाठी कोणता पर्याय परवडतो

डीटीएचचे मासिक पॅक बंद केल्यावर टीव्हीवर फुकटात काय दिसेल, हा प्रश्न सध्या अनेक घरांत आहे. पर्याय दोनच : गच्चीवरचा अँटेना किंवा डीडी फ्री डिशची छत्री.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हापासून पुढची अनेक वर्षे काड्यांचा अँटेना वरळीच्या दिशेने वळवला की चित्र येई. तो काळ संपला. प्रसार भारतीने मोजकी ठिकाणे वगळता देशभरातील अॅनालॉग प्रक्षेपक बंद केले आहेत. म्हणजे जुना अँटेना शाबूत असला, तरी त्याला पकडायला सिग्नलच नाही.

अँटेनाचा डिजिटल अवतार २०१६ मध्ये आला. मुंबई आणि तेव्हाच्या औरंगाबादसह १६ शहरांत ‘डीव्हीबी-टी२’ सेवा सुरू झाली. पण भारतात जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपणाचा हक्क फक्त दूरदर्शनकडे असल्याने वाहिन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाय टीव्हीच्या मागे अँटेनाचे भोक आहे म्हणजे आत टी२ ट्यूनर असेलच असे नाही. शहराबाहेर, डोंगराआड तर हा विचार सोडूनच द्यावा.

राहिली छत्री. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने आलेली ही सेवा आज जीसॅट-१५ उपग्रहावरून मिळते. डिश आणि बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजार रुपयांचा एकदाच खर्च. मासिक शुल्क शून्य. त्यामुळे कुणी फ्री डिशचे ‘रिचार्ज’ मागत असेल तर सरळ नकार द्या. बॉक्स एमपेग-४ चालणाराच घ्या. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत.

क्रिकेटचे काय?

इथे छत्रीचे पारडे जड होते. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे सिग्नल प्रसार भारतीला द्यावे लागतात. मात्र हे सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या प्रक्षेपकांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. म्हणूनच पैसे भरून घेतलेल्या केबलवर डीडी स्पोर्ट्सचा सामना दिसत नाही आणि शेजारच्या फुकट छत्रीवर दिसतो. आयपीएल मात्र या यादीत नाही.

खासगी वाहिन्यांची शाश्वती नाही. त्या लिलावात जागा घेऊन येतात. मोठ्या समूहांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या काढून घेतल्या होत्या, नंतर परत आणल्या. आवडती मालिका पुढच्या वर्षीही तिथेच असेल, असे धरून चालू नका.

अडचण होते ती फ्लॅटमध्ये. उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने महाराष्ट्रातून छत्रीला आग्नेयेकडचे मोकळे आकाश लागते. घराची एकमेव गॅलरी पश्चिमेला असेल किंवा समोर टॉवर असेल, तर सोसायटीकडून गच्चीची परवानगी काढण्यावाचून गत्यंतर नाही. कोसळत्या पावसात चित्र थांबते, तेही गृहीत धरा. हा बिघाड नव्हे. केयू बँडच्या लहरी पाण्यात क्षीण होतात.

जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि त्याचे आयुष्य १२ वर्षांचे धरलेले आहे. पुढचा उपग्रह त्याच जागेवर आला, तर छत्रीला हात लावावा लागणार नाही. जागा बदलली, तर ती वळवून घ्यावी लागेल.